गणपतीला आलेल्या काकू घसरल्या, आता खर्च कुणाचा? अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला दोन बेडरूमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं जोडपं. दीड दिवसाचा गणपती, घरात तीसेक माणसं. समईतलं तेल व्हिनाइलच्या जमिनीवर सांडलेलं होतं. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली मित्राची आई त्यावरून घसरली, मनगट मोडलं, शस्त्रक्रिया झाली. काकूंच्या व्हिजिटर इन्शुरन्सने काही भाग उचलला, बाकीची बिलं मित्राच्या पत्त्यावर येताहेत. मित्र काही बोलत नाही, पण यांना अपराधी वाटतंय. लीजिंग ऑफिसने मागितली म्हणून घेतलेली रेंटर्स पॉलिसी (भाडेकरूचा विमा) आहे, तिच्या डिक्लरेशन पेजवर लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानाची जबाबदारी, १,००,००० डॉलर लिहिलीय. ती इथे लागू होते का, खिशातून पैसे द्यावेत का, आणि क्लेम झाला तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला धक्का बसेल का?

काकूंचा हात लवकर बरा होवो. तुम्ही अजून मित्राच्या हातात चेक ठेवला नसेल तर थांबा. ठेवला असेल, तर किती, कधी आणि कशासाठी दिला ते आजच कागदावर लिहून ठेवा.

थांबा म्हणते कारण तुमच्याच पॉलिसीत तसं लिहिलेलं आहे. मागच्या पानांवर अपघातानंतर विमाधारकाने काय करायचं याचा एक भाग असतो. त्यात म्हटलेलं असतं की कंपनीला न विचारता कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुठलीही जबाबदारी अंगावर घ्यायची नाही. घेतली तर ती तुमच्या खर्चाने. अपवाद एकच, अपघाताच्या वेळी केलेले प्रथमोपचार. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही फार्मसीतून स्प्लिंट आणलात, ते चालतं. पण "काकू, काळजी करू नका, ऑपरेशनचा सगळा खर्च आमचा" हे वाक्य, आणि तेही व्हॉट्सअॅपवर, पुढे अडचणीचं ठरू शकतं. वाईट वाटलं असं म्हणायला कुणाची ना नाही. रोज डबा पाठवा, डॉक्टरकडे न्यायला गाडी घेऊन जा. फक्त रकमेचं वचन देऊ नका.

मी या धंद्याची सुरुवात क्लेम अॅडजस्टर, म्हणजे विमा कंपनीकडून दाव्यांची चौकशी करणारी, म्हणून केली, आता पॉलिसी विकते. दोन्ही खुर्च्यांवरून एक गोष्ट सारखी दिसली. आपल्या माणसांना चोरी झाली की लगेच विमा आठवतो. पाहुणा पडला की आठवत नाही. उलट पाहुण्यासाठी क्लेम करणं म्हणजे त्याला परकं करणं असं वाटतं. मग लाजेकाजेस्तव चार-पाच हजार डॉलर खिशातून जातात, मित्राला ते घेताना संकोच होतो, बिलं त्याहून कितीतरी जास्त निघतात, आणि दोन वर्षांनी दोन्ही घरांमधलं येणं-जाणं बंद झालेलं असतं. ज्या पॉलिसीचे पैसे तुम्ही दरमहा भरता, तिचा अर्धा भाग नेमका याच प्रसंगासाठी आहे.

रेंटर्स पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला तुमच्या सामानाचा: लॅपटॉप, कपडे, सोफा, आणि आग लागून घर राहण्याजोगं उरलं नाही तर हॉटेलचा खर्च. दुसरा भाग इतरांचा, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. या दुसऱ्या भागात पुन्हा दोन कप्पे आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

लहान कप्प्याचं नाव 'मेडिकल पेमेंट्स टु अदर्स'. यात चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. पाहुणा तुमच्या परवानगीने तुमच्या घरात आला आणि त्याला इजा झाली, एवढं पुरे. रक्कम मात्र छोटी: बऱ्याच पॉलिसींत माणशी १,००० डॉलर, काहींत ५,०००. हा आकडा तुमच्या डिक्लरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर, लायबिलिटीच्या ओळीखाली सापडेल. प्रमाण नमुन्याच्या पॉलिसीत अपघातापासून तीन वर्षांच्या आत झालेला वाजवी वैद्यकीय खर्च यात बसतो. त्यामुळे काकू सांगलीला परत गेल्यावर तिथे फिजिओथेरपी घेणार असतील, तर त्या पावत्याही मागून ठेवा. छापील, तारीख आणि शिक्क्यासह. "दोनशे रुपये रोज" असं वहीच्या कागदावर लिहून दिलेलं अॅडजस्टरपुढे टिकत नाही.

मोठा कप्पा म्हणजे 'पर्सनल लायबिलिटी', तुमचे ते १,००,०००. हा तेव्हाच उघडतो जेव्हा कायद्याने तुम्ही जबाबदार ठरता, किंवा ठरण्याची शक्यता पाहून कंपनी तडजोड करते. "माझ्या घरात घडलं म्हणून माझी जबाबदारी" असं कायदा म्हणत नाही. निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेकांना हे उलटं वाटतं: विमा आहे म्हटल्यावर पैसे मिळायलाच हवेत. ते होत नाही, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे.

२०१५ साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या कोर्टात एका बाईने बारा वर्षांच्या भाच्यावर दावा लावला होता. चार वर्षांपूर्वी, त्याच्या आठव्या वाढदिवसाला, तो तिला मिठी मारायला धावत आला, दोघं पडली आणि तिचं मनगट मोडलं. दावा १,२७,००० डॉलरचा. वर्तमानपत्रांनी तिला राक्षसीण ठरवलं. पण तिच्या वकिलांचं म्हणणं वेगळं होतं: तिला खर्च हवा होता तो भाच्याच्या घराच्या विम्यातून, कंपनीने एक डॉलर देऊ केला, आणि त्या राज्यात थेट विमा कंपनीवर दावा लावता येत नाही, माणसाचंच नाव घालावं लागतं. ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत दावा फेटाळला. आठ वर्षांच्या मुलाने आनंदाने मिठी मारणं हा निष्काळजीपणा नव्हे. शिवाय इथल्या कोर्टांमध्ये, प्रतिवादीचा विमा आहे म्हणून चूक त्याचीच, असं ज्युरीपुढे मांडता येत नाही. ज्युरीला दिसतात ते फक्त मावशी आणि भाचा.

हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या बाबतीतही क्लेम 'इन्शुरन्सवर' होत नाही. कागदावर तो तुमच्यावरच होतो. निस्तरायला कंपनी येते. मित्राच्या वकिलाकडून तुमच्या नावाने पत्र आलं तर ते वैर धरल्याचं लक्षण समजू नका. पत्र उघडा, फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला पाठवा. प्रकरण कोर्टात गेलं तर वकील कंपनी देते, स्वतःच्या खर्चाने. दावा अगदी बिनबुडाचा असला तरी देते. प्रमाण पॉलिसीत हा वकिलाचा खर्च तुमच्या १,००,००० मधून कापला जात नाही, आणि लायबिलिटीला डिडक्टिबलही, म्हणजे आधी तुमच्या खिशातून भरायची रक्कमही, नसते. लोक प्रीमियमची तुलना करतात तेव्हा हे कुणी बघत नाही.

आता तुमच्या तेलाकडे वळू. न्यू जर्सीत आलेला माणूस पाहुणा की गिऱ्हाईक, ही जुनी वर्गवारी अजून पाहिली जाते. दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी दुकानदाराला धोका शोधत फिरावं लागतं. घरच्या पाहुण्यासाठी यजमानावर तेवढा बोजा नाही. पण जो धोका त्याला माहीत आहे आणि पाहुण्याला सहज दिसणार नाही, त्याची सूचना द्यावी लागते. म्हणून प्रश्न असा उभा राहतो: तेल सांडलंय हे तुम्हाला कधी कळलं? काकू पडल्यावरच कळलं असेल तर तुमची जबाबदारी बरीच पातळ होते. अर्ध्या तासापूर्वी कुणीतरी "अरे, इथे पुसून घ्या" म्हटलं होतं आणि आरतीच्या गडबडीत राहून गेलं, असं असेल तर चित्र बदलतं. त्या दिवशीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून पाहा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं अशाच एका मेसेजवर फिरतात. आणि तो मेसेज सापडला तर खोडू नका! पुरावा नष्ट केला असं दिसलं की साध्या निष्काळजीपणापेक्षा ते भारी पडतं, आणि तुमच्या बाजूचा वकीलसुद्धा मग हात टेकतो.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी नियम वेगळा आहे, आणि तो बदलला तो एका भाडेकरूच्याच प्रकरणात. रोलँड विरुद्ध ख्रिश्चन, १९६८. ख्रिश्चनबाई सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याने राहत होत्या. बाथरूममधल्या नळाची चिनीमातीची मूठ तडकली होती. त्यांनी महिनाभर आधी घरमालकाला ती बदलायला सांगितलंही होतं. घरी आलेल्या पाहुण्याला मात्र सांगितलं नाही. मूठ त्याच्या हातात फुटली, उजव्या हाताचे स्नायुबंध आणि नस कापली गेली. खालच्या कोर्टाने त्याचा दावा बाहेरच काढला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो परत आत घेतला आणि त्या निमित्ताने पाहुणा, गिऱ्हाईक अशी वर्गवारीच मोडीत काढली: वाजवी काळजी घेतली की नाही, एवढंच पाहायचं. मला या निकालात भाडेकरूंनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच वाटते. मेंटेनन्सला ईमेल केली म्हणजे आपण सुटलो, असं नाही. उलट त्या ईमेलने सिद्ध होतं की तुम्हाला धोका माहीत होता. तुटलेल्या नळावर चिकटपट्टी आणि चिठ्ठी लावायला किती वेळ लागतो?

घरमालकाचा विषय निघालाच आहे तर: काकू तुमच्या दाराबाहेरच्या सामायिक जिन्यात, कॉरिडॉरमध्ये किंवा बर्फ न काढलेल्या पार्किंगमध्ये पडल्या असत्या, तर बोट आधी कॉम्प्लेक्सच्या मालकाकडे गेलं असतं. घराच्या आत सांडलेलं तेल हा तुमचा प्रांत. जमिनीची फळी आधीपासून उचकटलेली होती आणि पाय त्यात अडकला, असं काही असेल तर ते अॅडजस्टरला नक्की सांगा; मग दोन विमा कंपन्या आपसात भांडतील.

काकूंची स्वतःची चूकही मोजली जाते. न्यू जर्सीत जखमी माणसाचा दोष २० टक्के ठरला तर भरपाई २० टक्क्यांनी कमी होते, पण त्याचा दोष समोरच्यापेक्षा जास्त ठरला तर काहीच मिळत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तसा उंबरठा नाही, दोष जास्त असला तरी उरलेला हिस्सा मिळतो. हे गणित तुम्ही मित्राच्या घरी चहा पिताना करायचं नाही. "काकूंनी मोजे घातले होते ना" हे तुमच्या तोंडून ऐकलं तर कुणाला बरं वाटेल? अॅडजस्टर विचारेलच, त्याला खरं काय ते सांगा.

मग करायचं काय? डिक्लरेशन पेज हातात घेऊन कंपनीच्या क्लेमच्या नंबरवर फोन करा. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, काकूंचं नाव, मित्राचा फोन. "चूक आमची आहे" किंवा "आमची नाही" यातलं काहीही बोलायची गरज नाही. घडलं ते सांगा. क्लेम नंबर मिळेल, दोन-चार दिवसांत अॅडजस्टर फोन करेल आणि बहुधा तुमचं म्हणणं रेकॉर्ड करायची परवानगी मागेल. आपल्या कंपनीला सहकार्य करणं ही पॉलिसीची अट आहे, ते द्या. समोरच्या बाजूच्या कुणाला रेकॉर्डिंग द्यायची घाई करू नका. मग मित्राला एवढंच सांगा: "आमच्या पॉलिसीत पाहुण्यांसाठी तरतूद आहे, हा क्लेम नंबर, काकूंची बिलं इथे पाठव." मी पाहिलंय, या एका वाक्याने समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पैशाचा विषय त्याला काढावा लागत नाही.

उशीर करू नका, असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. मित्र कधीच काही बोलणार नाही, हे खरं असलं तरी त्याच्या आईची विमा कंपनी बोलू शकते. व्हिजिटर इन्शुरन्स असो की नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स, अपघाताचं बिल आलं की एक फॉर्म घरी येतो: अपघात कुठे झाला, कुणाच्या जागेत, त्यांचा विमा आहे का. आपण दिलेले पैसे दोषी पक्षाकडून वसूल करायचा हक्क त्या कंपन्या करारात राखून ठेवतात. मित्राने प्रामाणिकपणे तुमचा पत्ता लिहिला, तर सहा महिन्यांनी तुम्हाला अनोळखी कंपनीचं पत्र येईल आणि तुम्ही मनातल्या मनात मित्राला दोष द्याल. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसेल. पासष्टीपुढच्या ग्रीन कार्डवाल्या आई-वडिलांना मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर तिथे तर सरकारच रांगेत पहिलं उभं असतं. लायबिलिटीच्या तडजोडीतून मेडिकेअरने भरलेला भाग आधी परत करावा लागतो.

मुदतीचं म्हणाल तर न्यू जर्सीत इजेच्या दाव्याला अपघातापासून दोन वर्षं असतात, नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तीन. जखमी लहान मूल असेल तर घड्याळ साधारणपणे अठराव्या वर्षानंतर सुरू होतं. म्हणून वाढदिवसाच्या पार्टीत शेजाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात तुटला, तर "ते लोक चांगले आहेत, काही करणार नाहीत" या भरवशावर कागद फेकून देऊ नका. मुलांच्या बाबतीत तडजोडीला न्यायाधीशाची मंजुरी लागते. इथे त्या छोट्या सुनावणीला 'फ्रेंडली हिअरिंग' असं गोड नाव आहे.

आता जिथे ही पॉलिसी तुम्हाला उघड्यावर टाकते त्या जागा. यातल्या पहिल्या जागेने मी सर्वात जास्त घरं पोळलेली पाहिली आहेत.

पॉलिसीत 'विमाधारक' म्हणजे तुम्ही आणि तुमच्याच घरात राहणारे नातेवाईक. विमाधारकाला स्वतःला झालेली इजा लायबिलिटीत येत नाही, आणि मेडिकल पेमेंट्सही घरात राहणाऱ्यांना मिळत नाहीत. म्हणजे त्याच तेलावरून तुमची बायको घसरली असती तर हेल्थ इन्शुरन्सशिवाय काही नाही. आणि तुमची स्वतःची आई, जी पुण्याहून पाच महिन्यांसाठी आली आहे? ती पाहुणी की रहिवासी? कपडे कुठे आहेत, परतीचं तिकीट आहे का, पत्र कुठे येतात, असं सगळं तपासून ते ठरतं, आणि सगळी कोर्टं एकसारखं ठरवत नाहीत. तेव्हा आपल्या आई-वडिलांच्या बाबतीत रेंटर्सवर विसंबू नका. त्यांच्यासाठी चांगला व्हिजिटर इन्शुरन्स घ्या, आणि तोही ठरावीक रकमेचा नव्हे. स्वस्त योजनांमध्ये शस्त्रक्रियेमागे अमुक इतकेच डॉलर असं कोष्टक असतं, आणि इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ते कोष्टक म्हणजे दर्यामें खसखस. मला वाटतं, काकूंची उरलेली बिलं मित्राकडे येताहेत ती याच कारणाने.

रूममेटचंही तसंच. तीन मुलं एक अपार्टमेंट घेतात, एकाच्या नावावर पॉलिसी, बाकीचे दोघं त्यात आहेत असं समजतात. नातं नाही, नाव नाही, तर विमा नाही. त्यांचा पाहुणा त्यांच्या चुकीने पडला तर ते एकटेच. लग्न न झालेली जोडपीही यात येतात. नाव घालून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी जागा म्हणजे घरातला उद्योग. आपल्या बायकांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण शनिवारचा भरतनाट्यमचा वर्ग, पोळी-भाजीचे डबे, दोन पोरांचं पाळणाघर, शिकवण्या, हे सगळं विम्याच्या भाषेत 'बिझनेस' आहे. वर्गाला आलेली मुलगी पडली तर कंपनी त्या कलमावर बोट ठेवेल. प्रमाण नमुन्यात आधीच्या बारा महिन्यांत ठरावीक छोट्या रकमेपर्यंतच मोबदला मिळालेल्या किरकोळ कामाला सूट आहे, पण ती प्रत्येक कंपनीत नाही, आणि नेहमीच्या व्यवसायाला तर नाहीच. महिन्याला पंधरा विद्यार्थिनी असतील तर वेगळी पॉलिसी किंवा जोड-कलम घ्या. कोजागिरीला दूध आटवून सगळ्यांना बोलावलंत, एक पैसा घेतला नाही, तर ते घरगुतीच.

गाडीचं काही यात येत नाही, तो ऑटो पॉलिसीचा विषय. इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-बाइक मात्र मधल्या फटीत पडतात: बऱ्याच रेंटर्स पॉलिसी त्यांना स्वयंचलित वाहन म्हणून बाहेर ठेवतात आणि ऑटो पॉलिसीही त्यांना घेत नाही. मुलाला घेऊन दिली असेल तर लेखी विचारून घ्या. साधी सायकल चालेल. फुटपाथवर तुमची सायकल एखाद्या आजोबांना लागली, तर घरापासून दूर असूनही ही पॉलिसी लागू होते. प्रमाण नमुन्यात लायबिलिटी जगभर चालते. कुत्रा असेल तर न्यू जर्सीत चावल्यावर मालकाची चूक सिद्ध करावीच लागत नाही, आणि काही कंपन्या ठरावीक जातींचे कुत्रे सरळ वगळतात.

दारूचं वेगळं सांगते, कारण या बाबतीत आपलं न्यू जर्सीच प्रसिद्ध आहे. केली विरुद्ध ग्विनेल, १९८४. यजमानाने घरी मित्राला दारू पाजली, मग गाडीपर्यंत सोडायला गेला, तो निघून जाताना पाहिलं. थोड्या वेळाने, नीट पोचला का, हे विचारायला फोन केला तेव्हा कळलं की समोरासमोर धडक झाली आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धडकेत जखमी झालेली बाई यजमानावरही दावा लावू शकते. पुढे विधिमंडळाने यावर कायदाच केला: पाहुणा उघड नशेत दिसत असताना त्याला आणखी पाजलं, आणि त्याच्या गाडीने तिसऱ्याला इजा झाली, तर यजमान जबाबदार ठरू शकतो. पिणारा सज्ञान असेल तर तो स्वतः मात्र यजमानाकडून काही मागू शकत नाही. अशा दाव्याला रेंटर्सची लायबिलिटी बहुतेक वेळा धावून येते. गाडी तुमची नसते, चालवत तुम्ही नसता. पण अशा अपघातात एक लाख डॉलर ही रक्कम हॉस्पिटलच्या पहिल्या बिलातच संपू शकते.

तो एक लाखाचा आकडा कुठून आला? तुमच्या लीजमधून. कॉम्प्लेक्सला काळजी असते ती तुमच्या स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीची आणि त्यानंतर बदलाव्या लागणाऱ्या त्यांच्या भिंतींची. तुमच्या पाहुण्याच्या मनगटाचा विचार करून कुणी तो ठरवलेला नाही. रेंटर्सचा सरासरी प्रीमियम देशभरात वर्षाला १७० डॉलरच्या आसपास असतो. एक लाखाचे तीन लाख करायला त्यात थोडीशीच भर पडते. पगार चांगला असेल, घरासाठी डाउन पेमेंट साठवत असाल, तर तीन लाख हा किमान आकडा धरा. त्यावर दहा लाखांची अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे खालची लायबिलिटी संपल्यावर लागू होणारा जादा विमा, घेता येते, पण त्या कंपन्या सहसा खाली रेंटर्स तीन लाखांची आणि ऑटोची लायबिलिटीही वाढवलेली मागतात.

एक फसगत मात्र टाळा. काही कॉम्प्लेक्स भाड्याबरोबर दरमहा दहा-पंधरा डॉलर घेऊन 'वेव्हर' किंवा 'लायबिलिटी प्रोग्रॅम' देतात. कागद वाचा. बहुतेकदा त्यात संरक्षण असतं ते त्यांच्या इमारतीला; तुमच्या सामानाला नाही, आणि तुमच्या पाहुण्याला तर नाहीच. माझ्याकडे एक नुकतं लग्न झालेलं जोडपं आलं होतं, मित्राचा पाय बाल्कनीच्या दारात चिरला होता. दोन वर्षं ते हेच पंधरा डॉलर भरत होते आणि समजत होते की विमा आहे. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तुमच्याकडे डिक्लरेशन पेज आहे म्हणता, म्हणजे तुमची पॉलिसी खरी आहे.

क्लेमनंतर प्रीमियम वाढेल का? वाढू शकतो. क्लेमची नोंद विमा कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहते, आणि पुढे घर घेताना ती दिसते. नुसत्या पाचशे डॉलरच्या बिलासाठी मी कदाचित दोनदा विचार करा म्हटलं असतं. शस्त्रक्रिया झालेल्या मनगटासाठी म्हणणार नाही. ती बिलं पाच आकडी होतात, आणि कळवायला केलेला उशीर हे कंपनीला नाही म्हणायला मिळालेलं आयतं कारण असतं.

व्हिसाचं उत्तर सोपं आहे. हा दिवाणी मामला आहे. यात गुन्हा नाही, अटक नाही, बोटांचे ठसे नाहीत. घरात पाहुणा पडला म्हणून विमा कंपनीने पैसे दिले, याने एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जाला धक्का बसत नाही.

काकू परत कधी जाताहेत ते लिहिलं नाहीत. जायच्या आधी त्यांचं अॅडजस्टरशी बोलणं, हॉस्पिटलच्या बिलांची कॉपी आणि वैद्यकीय कागद देण्याच्या परवानगीवर सही, एवढं उरकून घ्या. त्यांना इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर कंपनीकडे मराठी दुभाषा मागा. मुलालाच भाषांतर करायला बसवू नका. अॅडजस्टरला ते सहसा नको असतं, आणि काकूही मुलासमोर "तसं काही फार दुखत नाही हो" असंच म्हणतील.